वेताळाचे मालक

इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाची गोष्ट रंगात येण्याआधी एक पान हमखास भेटतं. साल १५३६. समुद्री चाचे एक जहाज लुटतात. त्यातला एकच तरुण वाचतो आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. जंगलातले बुटके बांडार लोक त्याला उचलून नेतात, जगवतात. पुढे त्याच किनाऱ्यावर त्याला आपल्या बापाच्या मारेकऱ्याचं प्रेत सापडतं. त्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो: चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन, माझा मुलगा लढेल, त्याचा मुलगा लढेल. मग शेवटच्या चौकटीत एकामागे एक उभे असलेले मुखवटेधारी येतात. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. जगाला वाटतं हा एकच माणूस आहे, चारशे वर्षांचा, कधीही न मरणारा.

आमच्या गावात कॉमिक्स भाड्याने मिळत. दोऱ्याने शिवलेले, वरून जाड पुठ्ठा चिकटवलेले अंक. हातात देताना दुकानदार बजावायचा, "पानं दुमडू नोको बाप्पा." हे पान सगळ्यांना पाठ होतं, म्हणून बहुतेक पोरं ते ओलांडून थेट मारामारीकडे जात. मला मात्र मारामारीपेक्षा तेच पान आवडायचं आणि वेताळाची सगळी किमया आजही मला त्याच पानात दिसते. त्याचं रसग्रहण करायचं तर ते कुणी लिहिलं आणि कुणी काढलं एवढं विचारून भागत नाही. ते कुणाच्या मालकीचं होतं, हेही विचारावं लागतं.

लिहिलं ली फॉक यांनी. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या दैनिकांत फँटमची, म्हणजे आपल्या वेताळाची, पहिली स्ट्रिप छापून आली. चित्रं रे मूर यांची. पण फँटम त्या दोघांच्याही मालकीचा नव्हता. तो किंग फीचर्स सिंडिकेटचा होता, म्हणजे हर्स्ट या बड्या वृत्तपत्र घराण्याच्या कंपनीचा. सिंडिकेटचा धंदा सरळ होता. एकदा काढलेली स्ट्रिप देशोदेशीच्या वर्तमानपत्रांना विकायची. दररोज तीन-चार चौकटी, रविवारी रंगीत पान. ज्या गावात आज नवं वर्तमानपत्र गिऱ्हाईक झालं, तिथला वाचक गोष्टीच्या मधोमध येऊन पडणार, आणि त्याला वाऱ्यावर सोडलं तर तो उद्या ती स्ट्रिप वाचणार नाही. म्हणून ते आठवणीचं पान. त्याचा उगम विक्रीच्या गरजेत आहे, पण फॉकने त्या गरजेचं ध्रुवपद करून टाकलं. प्रत्येक गोष्टीआधी शपथ पुन्हा घेतली जाते, रांग पुन्हा उभी राहते आणि वाचकाला वाटतं की आपणही या घराण्याच्या दप्तरात नोंदले गेलो आहोत.

आता त्या रांगेकडे नीट पाहा. मुखवट्यात डोळ्यांच्या जागी बुबुळं नाहीत, कोऱ्या पांढऱ्या फटी आहेत. वेताळाचा उघडा चेहरा वाचकाला कधीच दाखवला जात नाही. तो शहरात जातो तेव्हा लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो. गुहेत मुखवटा काढतो तेव्हा चित्रकार त्याला पाठमोरा बसवतो किंवा तोंडावर सावली टाकतो. जंगलात म्हण आहे की त्याचा चेहरा पाहणाऱ्याला भयंकर मरण येतं. ही गूढता गोष्टीत शोभून दिसते यात शंका नाही. पण तिचा आणखी एक उपयोग आहे. ज्याला चेहरा नाही, त्याला काढणारा हात कधीही बदलता येतो. रे मूर गेले, विल्सन मॅकॉय आले. १९६१ मध्ये मॅकॉय वारले आणि पुढे सी बॅरी यांनी १९९४ पर्यंत वेताळ काढला. मॅकॉयचा वेताळ जाड रेषेचा, साधा, जवळजवळ बाळबोध. बॅरीचा वेताळ पिळदार अंगाचा, त्याच्याभोवतीच्या झाडांच्या बुंध्यांवर काळोख साचलेला, घोड्याच्या मानेवरचा स्नायू न् स्नायू दिसणारा. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसं दिसतात. तरी वाचक म्हणतो, हा वेताळच. पोशाख तोच आहे ना.

वेताळाच्या कथेचं मर्म माझ्या मते इथे आहे. कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक व्यक्ती असते. तिची माणसं येतात, निवृत्त होतात, मरतात. कंपनी मरत नाही. ती आपलं नाव आणि चिन्ह पुढच्या माणसाच्या अंगावर चढवते आणि गिऱ्हाइकाला फरक कळू देत नाही. फॉकने नेमकी हीच गोष्ट एका माणसाच्या, एका घराण्याच्या रूपात सांगितली. त्यांनी ती तशी ठरवून सांगितली असं मी म्हणत नाही. पण सिंडिकेटसाठी ६३ वर्षं, १९९९ मध्ये मरण येईपर्यंत, तीच कथा लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे रूपक उतरलं आणि ते इतकं चपखल आहे की मालकीवर बोलणारं दुसरं कुठलंही सुपरहिरो कॉमिक मला त्याच्यापुढे तोकडं वाटतं.

सुपरमॅनशी ताडून पाहा. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे त्या पात्रावर कंपनीने अमाप पैसा केला आणि हे दोघे कोर्टकचेऱ्या करत राहिले. १९७५ मध्ये, सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चाललेली असताना आणि वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर, कंपनीने त्यांना वर्षाला २०,००० डॉलरचं मानधन दिलं आणि त्यांची नावं पुन्हा छापायला सुरुवात केली. सुपरमॅन मात्र म्हातारा होत नाही, मरत नाही, मेलाच तर परत येतो. का, याचं उत्तर कथेत मिळत नाही. मालकाला तो हवा आहे, एवढंच त्याचं कारण. वेताळात तेच अमरत्व आहे, पण फॉकने त्याचा हिशेब चुकता केला आहे. कवटीच्या गुहेत आत एक दालन आहे. तिथे आधीच्या वीस वेताळांच्या कबरी ओळीने आहेत आणि त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. ती आत्ताच्या, एकविसाव्या वेताळाची. तो तिच्यासमोर उभा राहतो आणि तिच्याकडे पाहतो. लहानपणी त्या चौकटीने माझ्या पोटात गोळा यायचा. जंगलाला ठाऊक नसलेलं गुपित वाचकाला ठाऊक असतं. हा माणूस मरणार आहे, आणि तो मेला हे कुणाला कळणारही नाही. वेताळ वाचण्यातलं खरं सुख आणि खरी हुरहूर या जाणिवेत आहे.

त्या दालनाजवळच रोजनाम्यांची खोली आहे. प्रत्येक वेताळाने आपल्या हाताने लिहून ठेवलेले जाडजूड ग्रंथ. आजचा वेताळ त्यातला एखादा उघडून बसतो आणि सोळाव्या किंवा अठराव्या शतकातली गोष्ट सुरू होते. लेखकाला नवा विषय सुचला नाही तरी मालकाचं कोठार रिकामं पडत नाही, अशी ही सोय. पण ती किती सुंदर दृश्यात बसवली आहे! मशालीच्या उजेडात एक माणूस आपल्या आजोबांच्या आजोबांचं अक्षर वाचतो आहे, आणि त्या अक्षरात त्यांची भीतीही आहे.

मालकाच्या हाताच्या काही खुणा मात्र निव्वळ योगायोगाच्या आहेत. फॉकच्या मनात पोशाखाचा रंग करडा होता. १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. रंग कोणता हे दूरच्या परवानाधारकांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून स्वीडनमध्ये वेताळ निळा झाला, ब्राझीलमध्ये लाल.

भारतात तो परवाना घेतला बेनेट, कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी. मुंबईहून मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक वेताळाच्या कथेनेच निघाला आणि हिंदी-मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक जाऊ लागले. या उभारणीत अनंत पै होते. पुढे १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउसकडून अमर चित्र कथा सुरू केली. आता वेताळाला दोन मालक झाले. एक न्यूयॉर्कमधला, ज्याच्याकडे पात्र होतं. दुसरा मुंबईतला, ज्याच्याकडे छापखाना होता. दुसऱ्याने काय केलं ते पानावर दिसतं. मूळ कथेतला वेताळाचा देश बंगाला. तो वाचून बंगाल आठवेल म्हणून त्याचा 'डेंकाली' झाला. चाचे मुळात सिंग टोळीचे. भारतात हे नाव कसं चालणार? ते 'सिंगा' झाले. विसाव्या वेताळाला दगा देऊन मारणाऱ्याचं नाव मुळात रामा. ते 'रामालू' झालं. हे बदल करणाऱ्याची बाजू मला पटते. परक्याच्या अज्ञानातून आलेली नावं आपल्या मुलांच्या हातात तशीच देऊ नयेत, हा विवेक त्यात होता. पुढे १९९६ मध्ये पॅरामाउंटने बिली झेनला घेऊन 'द फँटम' काढला, तेव्हा खुद्द हॉलिवूडने 'सिंग'चं स्पेलिंग फिरवून 'सेंग' केलं. मुंबईतल्या संपादकांनी ते शहाणपण तीस वर्षं आधी दाखवलं होतं.

दुसरा बदल कात्रीचा होता. दैनिकात कित्येक आठवडे चाललेली गोष्ट इंद्रजालच्या मोजक्या पानांत बसवायची, म्हणजे चौकटी गाळणं आलं. जुना अंक आता हळू वाचला की सांधे जाणवतात. दर तिसऱ्या-चौथ्या चौकटीला एक छोटा धक्का असतो, कारण मुळात तिथे त्या दिवसाचा तुकडा संपत होता. बंदूक रोखली जाते, दार उघडतं, कुणीतरी मागून ओरडतं. सलग वाचताना या धक्क्यांची एक लय लागते आणि ती लय कादंबरीची नाही की सिनेमाचीही नाही. मधेच एखादा माणूस खोलीत नसताना बोलताना दिसतो, कारण तो आत आला ती चौकट कापली गेली. पोर असताना ही तूट आम्ही मनाने भरून काढत होतो. मला वाटतं, चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत गोष्ट घडवायला आम्ही त्या कापाकापीमुळेच शिकलो.

आमच्या यवतमाळच्या माणसाला दूरच्या मालकाची गोष्ट नवी नव्हती. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ११३ किलोमीटरची शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश काळातल्या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली होती. इथला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पोचवायला ती घातली गेली. स्वातंत्र्यानंतर सगळी रेल्वे सरकारी झाली, हा मार्ग खाजगी कंपनीकडेच राहिला आणि भारतीय रेल्वे तो कराराने चालवत राहिली. गाडी रोज डोळ्यांसमोरून जायची, तिला लोकांनी लाडाचं नाव दिलं होतं, ती आपलीच वाटायची. मालक मात्र कुणी पाहिला नव्हता. वेताळाचंही तसंच होतं. आम्ही त्याला मराठी बोलताना ऐकत होतो, आमच्या वह्यांच्या मागच्या पानांवर त्याची कवटीची अंगठी काढत होतो, आणि त्याच्यातली एक रेघही आमची नव्हती.

जंगलाबद्दल मात्र आम्हाला बोलायचा हक्क आहे. वेताळाच्या जंगलात एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि काळे, बुटके लोक त्याच्यासाठी विषारी बाण घेऊन पहारा देतात. जमातींचे तंटे तो सोडवतो, त्याचा शब्द हाच कायदा. ही कल्पना १९३६ ची आहे. त्याच्या सहा वर्षं आधी, १० जुलै १९३० रोजी, पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सरकारचा कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्यांच्यामागे हजारो लोक उभे राहिले. जंगल कुणाचं, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विळ्याने विचारला गेला होता. झरी-जामणी, पांढरकवडा, घाटंजी भागातल्या कोलाम आदिवासींना जंगल वाचायला कधी बाहेरचा राजा लागला नाही. उलट बाहेरून आलेल्या कायद्याने त्यांचंच जंगल त्यांना परकं केलं. हे ठाऊक असलेल्या वाचकाने वेताळाचं सिंहासन जसंच्या तसं गोड मानून घेऊ नये. मी घेत नाही. बांडारांचा म्होरक्या गुरन आणि त्याची माणसं या कथेत शूर आहेत, प्रेमळ आहेत, पण शपथ घ्यायचा मान त्यांना कधी मिळत नाही. मुखवटा एकाच रक्तात फिरतो.

पुढे काळाप्रमाणे हे थोडं सुधारलं गेलं. आफ्रिकी देश स्वतंत्र होऊ लागले तसा वेताळाचा देशही लोकशाही झाला, लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय डॉक्टर तिथला राष्ट्राध्यक्ष झाला आणि वेताळ त्याचा मित्र. जंगल गस्तीदलाचा अज्ञात सेनापती म्हणून तो पडद्याआड राहिला. लेखकाची न्यायबुद्धी यात दिसते. पण सिंहासन गुहेत तसंच राहिलं. ते काढलं तर ओळखीचं चिन्ह जातं, आणि चिन्ह ही मालकाची ठेव असते. दुरुस्ती गोष्टीच्या कडेकडेने होते, मधोमध होत नाही. मोठ्या कंपनीच्या ताब्यातल्या जवळजवळ प्रत्येक नायकाला हा नियम लागू पडतो.

इंद्रजालमध्ये वेताळाच्या शेजारी मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी का असायचे, याचंही उत्तर मालकीत आहे. हे सगळे किंग फीचर्सचे. मॅन्ड्रेक तर फॉकचंच १९३४ चं अपत्य. वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांचं लग्न लागलं तेव्हा मॅन्ड्रेक आणि त्याचा सोबती लोथार वऱ्हाडी म्हणून हजर होते, आणि ते दृश्य एका लेखकाच्या घरचं कार्य असल्यासारखं वाटतं. त्याच नात्याचं कंपनीने काय केलं? १९८६ मध्ये 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही कार्टून मालिका काढून वेताळ, मॅन्ड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एका फळीत उभं केलं. एका कपाटात होते म्हणून ते मित्र झाले. त्या मालिकेतला वेताळ सत्ताविसावा. १९९४ च्या 'फँटम २०४०' मध्ये तो चोविसावा. फॉकच्या गुहेत एकेक कबर मोजून ठेवलेली असताना पडद्यावर आकडा असा गरजेप्रमाणे वर-खाली होतो, आणि त्यासोबत त्या रिकाम्या जागेचं सगळं वजन निघून जातं. रूपांतरं फसली ती मला इथे फसलेली दिसतात. पोशाख, घोडा, अंगठी सगळं नेलं, पण मरणाची मोजदाद नेली नाही.

मालक एक असला की पात्रं एकत्र येतात. दोन असले की एकच पात्र दुभंगतं. मार्व्हल कंपनीने १९९६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्या पडत्या काळात तिच्या पात्रांचे चित्रपट-हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेलेले होते किंवा जात होते. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरना मार्व्हल घेतली, तेव्हा तिला ही फाटाफूट वारशात मिळाली. क्विकसिल्व्हर हा वेगवान पळणारा नायक दोन्ही बाजूंच्या कथांत होता. म्हणून तो २०१४ मध्ये फॉक्सच्या चित्रपटात आला आणि २०१५ मध्ये मार्व्हलच्या चित्रपटातही. वेगळा नट, वेगळा जन्म, वेगळं भविष्य. फॉक्सकडे तो जन्मजात म्युटंट. मार्व्हलकडे तो एका प्रयोगातून तयार झालेला, कारण म्युटंट हा शब्द फॉक्सच्या वाट्याला गेला होता. याच सुमारास छापील कॉमिक्समध्येही जाहीर झालं की एक्स-मेनच्या कथांतला मॅग्नेटो हा त्याचा बाप नव्हेच. कित्येक दशकं वाचकांनी ज्या बापलेकांचं भांडण जीव लावून वाचलं, त्यांचं रक्ताचं नातं एका कथेत पुसलं गेलं. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन-व्यवसायही विकत घेतला. शपथ आणि वंश यांवर उभ्या असलेल्या वेताळाच्या वाचकाला असं पुसलेलं नातं वाचून धक्का बसतो, बसायलाच हवा.

आपल्याकडे याची एक बरी बाजूही आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीने 'स्पायडर-मॅन इंडिया' काढलं. नायक पवित्र प्रभाकर, गाव मुंबई, कमरेला धोतर, शक्ती एका योग्याकडून मिळालेली. चारच अंक निघाले. योगी आणि धोतर ही परदेशी गिऱ्हाइकाला ओळखू येतील अशी खूण होती. मुंबईच्या कुठल्या चाळीतला पोरगा धोतर नेसून गच्चीवरून उडी मारतो? पण २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये पवित्र परतला तो वेगळाच होता. केसांवर प्रेम करणारा, भरभर बोलणारा, मुंबई आणि मॅनहॅटन एकात एक गुंफून केलेल्या 'मुंबाटन'मध्ये लोंबकळत फिरणारा. त्या शहराचा देखावा पाहण्यासारखा आहे. थरावर थर इमारती, त्यांच्यामधून वाहणारी वाहतूक, आणि छपाईच्या जुन्या रंगांची आठवण देणारी रंगसंगती, जणू इंद्रजालचंच एखादं पान हलायला लागलं आहे. भारतात हा चित्रपट दहा भाषांत लागला आणि त्यात मराठीही होती. चित्रपटाचे हक्क सोनीचे, पात्र मार्व्हलचं, मार्व्हल डिस्नेची. इतक्या मालकांच्या गर्दीतून एक मराठी बोलणारा कोळीमानव निघाला, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या तिघांनी तो मुळात रचला, त्यांची नावंही त्या आनंदात घेतली पाहिजेत.

आणि बहादूर? १९७६ मध्ये इंद्रजालला स्वतःचा भारतीय नायक मिळाला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स, जयगढ हे गाव, आणि डाकूंशी लढायला गावकऱ्यांचंच उभं केलेलं नागरिक सुरक्षा दल. वेताळाला जे कधी जमलं नाही ते बहादूरने केलं. त्याने रक्षणाचं काम एका मुखवट्याकडून काढून गावाच्या हातात दिलं. त्याचा चेहरा उघडा होता. ज्या पोलिसाच्या गोळीने बाप मेला, त्याच्याच आधाराने तो वाढला. सूडाची शपथ घ्यायला निघालेला मुलगा ती शपथ खाली ठेवतो, हा आरंभ वेताळाच्या कवटीच्या शपथेला दिलेलं आपल्या मातीतलं उत्तर आहे. बहादूर माझ्या लेखी इंद्रजालची सर्वांत मोठी कमाई. पण त्याचं घर एकच होतं. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं आणि बहादूरच्या नव्या गोष्टी थांबल्या. वेताळ दुसऱ्या प्रकाशकांकडे गेला, कारण त्याचा मालक इंद्रजालबाहेर होता आणि परवाना पुन्हा विकू शकत होता. बहादूरसाठी तसं दार नव्हतं. नायकाला दूरचा मालक असण्याचं दुःख मी वर सांगितलं. एकाच प्रकाशनावर सगळा भार असण्याचं दुःख त्याहून मोठं निघालं.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ९५ वर्षं पूर्ण झाली की जुनं छापील काम सर्वांचं होतं. त्या हिशेबाने १९३६ च्या पहिल्या फँटम स्ट्रिप तिथे १ जानेवारी २०३२ रोजी मोकळ्या होतील. नाव आणि चिन्ह यांवरचा व्यापारी हक्क कंपनी पुढेही सांभाळेल. इंग्रजी फँटमची काळजी घ्यायला संग्राहक आहेत, प्रकाशक आहेत, कंपनी आहे. मराठी वेताळाची काळजी घेणारं मात्र कुणी नाही. ज्यांनी डेंकालीच्या जंगलाला मराठी दिली, चार चौकटींत मावेल इतकी आटोपशीर आणि पोराला तोंडपाठ होईल इतकी ठसठशीत भाषा घडवली, त्यांची नावं वाचकांच्या ओठांवर कधी आली नाहीत. त्यांचं काम न्यूयॉर्कच्या दप्तरात नाही. ते असलंच तर यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेडच्या घरांतल्या माळ्यांवर आहे, वाळवी लागेपर्यंत.

यवतमाळात १९७३ मध्ये आणि २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं झाली. या जिल्ह्याला वाचनाची जाण आहे. म्हणून विनंती अशी की मराठी इंद्रजालचे अंक घरी असतील तर ते रद्दीत घालू नका. फाटलेले, पुठ्ठा लावलेले, मधलं पान गेलेले असले तरी चालतील. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि वाचनालयांनी ते 'बालवाङ्मय' म्हणून कोपऱ्यात न ढकलता क्रमांक, साल, कथेचं नाव लिहून नोंदवून घ्यावेत. एखाद्या अंकावर अनुवादकाचं नाव सापडलं तर ते पहिल्यांदा लिहून ठेवा.